हॅप्टोकॉरिन: नावात कोण कोणाला बांधते?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात बी-१२ जीवनसत्त्वावरच्या टिपणात ‘हॅप्टोकॉरिन’ हा शब्द, म्हणजे बी-१२ ला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे नाव, खुलासा न करता येऊन गेला. त्यावर आलेल्या पत्रांत निम्मे प्रश्न शब्दांचे आहेत आणि निम्मे लॅबच्या रिपोर्टचे. नाव नीट कळले की रिपोर्टचा अर्धा गोंधळ सुटतो, म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: ‘हॅप्टोकॉरिन’ची फोड कशी करायची? आमच्या वर्गात एकाने ‘हेप्टा म्हणजे सात’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘को म्हणजे कोबाल्ट’. कोणाचे बरोबर? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा)

दोघांचेही चूक, पण दोन्ही चुका अभ्यासू माणसाच्या आहेत.

शब्दाचे तुकडे दोन: हॅप्टो आणि कॉरिन. पहिला आला ग्रीक ‘हाप्टेइन’ या क्रियापदावरून. अर्थ बांधणे, अडकवणे, घट्ट जोडणे. याच क्रियापदाचे दुसरे रूप ‘स्पर्श करणे’ या अर्थाने येते. मोबाइलवर टाइप करताना बोटाला जाणवणाऱ्या थरथरीला ‘हॅप्टिक’ म्हणतात, ते या रूपावरून. दोन चेतापेशींच्या सांध्याला ‘सिनॅप्स’ म्हणतात, त्यात ‘सिन’ म्हणजे सह आणि पुढे हाच हाप्टेइन. प्रथिनांच्या नावात हा तुकडा आला की पुढे काय बांधले जाते ते सांगितलेले असते. उदाहरणार्थ ‘हॅप्टोग्लोबिन’. तांबड्या पेशी फुटून रक्तात सुटलेले हिमोग्लोबिन पकडून ठेवणारे हे प्रथिन पोलोनोव्स्की आणि जाइल या फ्रान्समधल्या संशोधकांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. हॅप्टोकॉरिन हे नाव त्याच घाटणीचे.

सातवाला शब्द ‘हेप्टा’. हेप्टेनमध्ये सात कार्बन असतात ते त्यामुळे. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे ‘स’ असतो तिथे ग्रीकमध्ये आणि फारसीतही पुष्कळदा ‘ह’ येतो: सप्त, हेप्टा, हफ्त. फारसी ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा आठवडा, आणि आपल्याकडे तो ‘हप्ता’ होऊन कर्जाच्या मागे लागला. थोडक्यात, कर्जाचा हप्ता आणि हेप्टेन हे भाऊबंद आहेत, पण हॅप्टोकॉरिन त्या घरातले नाही. ‘आप्त’, ‘आप्नोति’ यांच्याशीही ते जोडू नये. त्यांचे नाते लॅटिन ‘आप्टुस’शी लावले जाते, हाप्टेइनशी नाही.

आता कॉरिन. हिमोग्लोबिनमधल्या, लोह धरून ठेवणाऱ्या हीमचा सांगाडा पॉर्फिरिनचा असतो. त्यात पायरोलची चार वलये आणि शेजारच्या प्रत्येक दोन वलयांमध्ये एका कार्बनचा पूल, म्हणजे चार पूल. बी-१२ मध्येही वलये चारच आहेत आणि मधोमध लोहाच्या जागी कोबाल्ट आहे. पूल मात्र तीन आहेत. पहिले आणि चौथे वलय थेट एकमेकांना चिकटलेले असते. अणूंचे क्रमांक पॉर्फिरिनशी जुळावेत म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी तेच ठेवले आणि जो पूल नाही त्याचा २० हा क्रमांक रिकामा सोडला. आकृतीत १९ नंतर एकदम २१ दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

या सांगाड्याची रचना डोरोथी हॉजकिन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५०च्या दशकाच्या मध्यावर उलगडली. १९६४ च्या नोबेलमागे हे काम होते. रचना ठरवणाऱ्यांनीच वलयाला ‘कॉरिन’ हे नाव सुचवले, कारण हा बी-१२ च्या रेणूचा ‘कोअर’, म्हणजे गाभा. त्यातला ‘को’ कोबाल्टमधून आलेला नाही, अशी टीप आंतरराष्ट्रीय नामकरणाच्या नियमांत मुद्दाम दिलेली आहे. म्हणजे ही चूक जगभर होते. पडताळा सोपा आहे. धातू नसलेल्या नुसत्या वलयालाही कॉरिनच म्हणतात. धातू आहे हे सांगायचे असेल तर ‘कोब’ वेगळा जोडावा लागतो: कोबिनामाइड, कोबालामिन (म्हणजे बी-१२).

तेव्हा हॅप्टोकॉरिन म्हणजे ‘कॉरिनला बांधणारे’. यात ‘कोबालामिनला बांधणारे’ असे म्हटलेले नाही, आणि पुढे स्पिरुलिनाच्या आणि लॅब-रिपोर्टच्या उत्तरांत तो फरक कामाला येणार आहे.

प्रश्न: मग ‘कोबालामिन’ कसे बनले? आणि कोबाल्ट? (शिक्षक, चिपळूण)

कोबालामिन म्हणजे कोबाल्ट अधिक व्हिटॅमिनचे शेपूट. कोबाल्ट आला जर्मन ‘कोबोल्ड’वरून. कोबोल्ड म्हणजे खाणीत राहणारे खोडकर भूत. सॅक्सनीच्या खाणकामगारांना चांदीसारखे दिसणारे एक खनिज मिळायचे. भट्टीत घातले की चांदी तर मिळत नसे, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघे. दोष भुताला लागला. स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट यांनी १७३० च्या दशकात हा वेगळाच धातू असल्याचे दाखवले, तरी नाव भुताचेच राहिले. बी-१२ च्या वजनात कोबाल्टचा वाटा साधारण ४.३५ टक्के: १३५५ मध्ये ५९.

‘व्हिटॅमिन’मधला ‘व्हिटा’ म्हणजे जीवन, आणि तो आपल्या ‘जीव’चा सख्खा नातेवाईक आहे. काझिमीर फुंक यांनी १९१२ साली ‘व्हिटा’ आणि ‘अमाइन’ जोडून हा शब्द केला. सगळी जीवनसत्त्वे अमाइन नसतात हे लक्षात आल्यावर १९२० मध्ये ड्रमंड यांनी रोमन लेखनातला शेवटचा ‘ई’ काढायला लावला.

प्रश्न: एका जुन्या पाठ्यपुस्तकात ‘आर-प्रोटीन’ आहे, दुसरीकडे ‘ट्रान्सकोबालामिन-१’, तिसरीकडे ‘हॅप्टोकॉरिन’. ही तीन प्रथिने की एकच? आणि ‘आर’ म्हणजे रिसेप्टर का? (डी.एम.एल.टी.चा विद्यार्थी, नांदेड)

प्रथिन एकच. ‘आर’ म्हणजे रॅपिड, जलद. फिनलंडच्या राल्फ ग्रासबेक यांच्या गटाने जठररसातली बी-१२ बांधणारी प्रथिने विद्युतप्रवाहात पळवून वेगळी केली, तेव्हा एक गट मागे रेंगाळला आणि एक पुढे गेला. मागचा तो ‘एस’, म्हणजे स्लो. हाच इंट्रिन्झिक फॅक्टर, म्हणजे बी-१२ शोषले जायला लागणारे जठरातले प्रथिन. पुढचा तो ‘आर’. त्याच्या वेगाचे कारण त्याच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्यांत आहे. साखळ्यांच्या टोकांना सियालिक आम्ल असते, त्याचा ऋणभार प्रथिनाला धन टोकाकडे ओढतो. ‘आर’चे रिसेप्टरशी काही देणेघेणे नाही.

दुसरीकडे १९६०च्या दशकात हॉल आणि फिंकलर रक्तद्रवातले बी-१२ चे वाहक वेगळे करत होते. त्यांनी ‘ट्रान्सकोबालामिन’ हे नाव आणि त्यापुढे १ आणि २ असे क्रमांक दिले. पुढे ३ क्रमांकही आला. नंतर उलगडले की १ आणि ३ हे मुळात एकच प्रथिन असून फक्त साखरेची सजावट वेगळी आहे, आणि जठररसातला ‘आर’ही तोच. मधल्या काळात ‘कोबालोफिलिन’, म्हणजे कोबालामिनप्रेमी, असेही एक नाव सुचवले गेले. ते रुजले नाही. आता १, ३, आर आणि कोबालोफिलिन या सगळ्यांना मिळून हॅप्टोकॉरिन म्हणतात. २ क्रमांकाचे प्रथिन खरोखर वेगळे. त्याच्यावर साखर नसते आणि त्याला आता नुसते ‘ट्रान्सकोबालामिन’ म्हणतात.

खरी मेख जनुकांच्या नावात आहे, कारण तिथे जुने क्रमांक टिकून आहेत. टीसीएन१ हे हॅप्टोकॉरिनचे जनुक, टीसीएन२ हे ट्रान्सकोबालामिनचे. १९९० च्या आधीचा लेख वाचताना ‘ट्रान्सकोबालामिन’ दिसला की आधी पुढचा आकडा बघायचा. आकडा नसेल तर त्या लेखाची ‘पद्धती’ वाचल्याशिवाय निष्कर्ष उतरवून घेऊ नये.

प्रश्न: एका जीवनसत्त्वाला इतके हमाल कशाला? एकाने भागले नसते? (वाचक, मडगाव)

नसते, कारण पोटातले रसायन जागोजागी बदलते. अन्नातला बी-१२ अन्नाच्याच प्रथिनांना चिकटलेला असतो. जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्याला सुटा करतात. सुटताक्षणी त्याला पकडते ते लाळेतून आणि जठररसातून आलेले हॅप्टोकॉरिन, कारण तीव्र आम्लातही त्याची पकड सुटत नाही. इंट्रिन्झिक फॅक्टर जठरातच तयार होतो, पण तिथल्या आम्लात हॅप्टोकॉरिनपुढे त्याचे काही चालत नाही. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे ट्रिप्सिन वगैरे येतात, हॅप्टोकॉरिनचे तुकडे करतात आणि बी-१२ पुन्हा सुटा होतो. इंट्रिन्झिक फॅक्टरला हे पाचकरस पचवू शकत नाहीत. आता त्याची पाळी. तो बी-१२ घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जातो, तिथल्या पेशी ही जोडी आत घेतात, आणि पेशीतून बाहेर पडताना बी-१२ ट्रान्सकोबालामिनच्या हाती असतो.

साखळी तुटते कुठे, हेही यावरून दिसते. आम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे घेतली तर पहिलीच पायरी ढिली पडते: गोळीतला सुटा बी-१२ शोषला जाईल, दूध-अंड्यातला नीट सुटणार नाही. स्वादुपिंड निकामी असेल तर हॅप्टोकॉरिन पकड सोडत नाही. पर्निशियस ॲनिमिया या रक्तक्षयाच्या आजारात इंट्रिन्झिक फॅक्टर नसतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शेवटच्या भागातले शोषण मंदावते.

इंट्रिन्झिक फॅक्टरच्या नावामागचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. बॉस्टनचे विल्यम कॅसल यांना १९२०च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न पडला होता की पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांच्या जठरात काय कमी असते. रुग्णांना नुसते गोमांस देऊन काही फरक पडत नव्हता. मग निरोगी माणसाने अर्धवट शिजवलेले सुमारे ३०० ग्रॅम गोमांस खायचे, तासाभराने ते जठरातून बाहेर काढायचे आणि नळीने रुग्णाला द्यायचे. काही दिवसांत रुग्णाच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी वाढल्या. मांसातला तो ‘बाहेरचा’ घटक, जठररसातला तो ‘आतला’: एक्स्ट्रिन्झिक आणि इंट्रिन्झिक. बाहेरचा घटक म्हणजे बी-१२, हे त्याचे स्फटिक १९४८ मध्ये हाती आल्यावर कळले. ते नाव मग पडद्याआड गेले. आतल्याचे तेवढे राहिले, आणि जोडीदाराशिवाय ते आज थोडे विचित्र वाटते.

आतड्याच्या पेशीवरचा जो रिसेप्टर ही जोडी आत घेतो त्याचे नाव ‘क्युबाम’. तो क्युबिलिन आणि ॲम्निअनलेस या दोन प्रथिनांचा बनलेला. दुसऱ्याचे नाव वाचून बुचकळ्यात पडू नका. ज्या उंदरांत हे जनुक बिघडले होते त्यांच्या गर्भाभोवती ‘ॲम्निअन’ हे आवरणच तयार झाले नाही, म्हणून जनुक ‘ॲम्निअनलेस’. त्याचा बी-१२ शी संबंध नंतर सापडला.

आकड्यांचे एक सांगायला हवे. इंट्रिन्झिक फॅक्टरची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरते. त्यापुढचा बी-१२ साधारण एक टक्का या हिशेबाने नुसता झिरपतो. म्हणून १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून सुमारे १० मायक्रोग्रॅम आत जातात. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. इंट्रिन्झिक फॅक्टर अजिबात नसलेल्यालाही मोठ्या डोसची गोळी लागू पडू शकते ती या झिरपण्यावर.

प्रश्न: स्पिरुलिनाच्या डब्यावर भरपूर बी-१२ लिहिलेला असतो. आम्ही शाकाहारी आहोत. त्यावर भिस्त ठेवावी का? (गृहिणी, इचलकरंजी)

ठेवू नये. स्पिरुलिनात प्रामुख्याने असतो तो छद्म बी-१२. कॉरिन तोच, कोबाल्ट तोच. पण खऱ्या बी-१२ मध्ये कोबाल्टच्या खालच्या बाजूला डायमिथिलबेन्झिमिडॅझोल नावाचा गट असतो, तिथे यात ॲडेनिन असते. हॅप्टोकॉरिन नावाला जागते: गाभा कॉरिनचा दिसला की बांधते. इंट्रिन्झिक फॅक्टर मात्र खालचा गट तपासतो आणि छद्म बी-१२ ला जवळपास दारातूनच परत पाठवतो. डब्यावरचा आकडा बहुतेकदा जिवाणू वाढवून केलेल्या मोजणीचा असतो, आणि त्या जिवाणूंना छद्म बी-१२ चालतो. आकडा मोठा येतो, पण तुमच्या कामाचा त्यातला थोडाच. दूध, दही, ताक आणि गरजेप्रमाणे सायनोकोबालामिनची साधी गोळी, हा भरवशाचा मार्ग.

प्रश्न: वडिलांचा (वय ६८) टोटल बी-१२ ३४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आला, म्हणजे नॉर्मल. हातापायांना मुंग्या येत असल्याने डॉक्टरांनी ‘ॲक्टिव्ह बी-१२’ करायला सांगितला. तो २२ पिकोमोल प्रति लिटर, म्हणजे कमी. दोन्ही एकाच रक्तातले, मग कोणते खरे? (वाचक, डोंबिवली)

दोन्ही खरे असू शकतात, कारण दोन्ही चाचण्या वेगवेगळी गोष्ट मोजतात. शिवाय एकके वेगळी आहेत. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरला ०.७३८ ने गुणले की पिकोमोल प्रति लिटर मिळतात, म्हणजे ३४० चे सुमारे २५१. एकक न बघता दोन आकडे शेजारी ठेवले की घरात विनाकारण घबराट होते.

रक्तातल्या बी-१२ पैकी साधारण ७० ते ८० टक्के हॅप्टोकॉरिनकडे असतो आणि उरलेला २० ते ३० टक्के ट्रान्सकोबालामिनकडे. शरीरभरच्या पेशींना आत घेता येतो तो ट्रान्सकोबालामिनकडचा, म्हणून तोच ‘ॲक्टिव्ह’. ट्रान्सकोबालामिन आपला माल लवकर उतरवून मोकळे होते. हॅप्टोकॉरिनला बांधलेला बी-१२ मात्र रक्तात दिवसेंदिवस फिरत राहतो. निम्मा व्हायला नऊ-दहा दिवस लागतात. शोषण घटले तर आधी घसरतो ॲक्टिव्ह, आणि टोटल बराच काळ तग धरतो. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये हेच घडलेले असण्याची शक्यता आहे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातल्या मर्यादा अशा: टोटल (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) १८० पेक्षा कमी असेल तर कमतरता नक्की, १८० ते ३५० संदिग्ध, ३५० च्या वर शक्यता कमी. ॲक्टिव्ह (पिकोमोल प्रति लिटरमध्ये) २५ पेक्षा कमी असेल तर नक्की, २५ ते ७० संदिग्ध. या हिशेबाने ३४० ‘नॉर्मल’ नव्हतेच, संदिग्ध होते. आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या कागदावर २०० च्या वर काहीही काळ्या शाईत छापले जाते, आणि काळी शाई दिसली की माणूस निर्धास्त होतो. संदिग्ध पट्ट्यात असताना रक्तातल्या मिथिलमलोनिक आम्लाची किंवा होमोसिस्टीनची तपासणी करून घेतात. बी-१२ पेशीत कमी पडला की ही दोन्ही वाढतात. होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेतही आणि मूत्रपिंड कमजोर असतानाही वाढते, हे डॉक्टर धरून चालतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने याच दोन खुणांच्या आधारे, वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही बी-१२ ची कमतरता किती पसरली आहे ते दाखवले होते.

हॅप्टोकॉरिन रिपोर्टला कसे फसवते याची टोकाची उदाहरणेही आहेत. काही माणसांत ते जन्मतः कमी असते. टोटल खूप खाली, पण पेशींना काही कमी पडत नाही. माणूस ठणठणीत आणि इंजेक्शने उगाच. उलट ज्या बाळांत ट्रान्सकोबालामिन नसते त्यांचा टोटल बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि बाळाला काही आठवड्यांतच गंभीर ॲनिमिया होतो. तिसरा प्रकार पांढऱ्या पेशींचा. हॅप्टोकॉरिन त्यांच्या कणिकांत साठलेले असते, म्हणून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात टोटल बी-१२ अफाट वाढतो. गोळी-इंजेक्शन न घेता आकडा १५००-२००० च्या पुढे गेला तर ‘छान आहे’ म्हणून कागद कपाटात ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावा.

चाचणीच्या किटमध्येही या प्रथिनाने घोळ घातला आहे. जुन्या चाचण्यांत बी-१२ पकडायला जो ‘इंट्रिन्झिक फॅक्टर’ वापरत, त्यात आर-प्रोटीनची भेसळ असे. ते खऱ्या बी-१२ बरोबर निरुपयोगी कॉरिन संयुगेही मोजून टाकी, आणि कमतरता असलेल्याचा आकडा चांगला येई. १९७८ साली हे उघड झाल्यावर शुद्ध बंधक वापरणे किंवा आर-प्रोटीन आधी निष्प्रभ करणे सुरू झाले. आजच्या चाचणीचा अडथळा वेगळा आहे. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णाच्या रक्तात इंट्रिन्झिक फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे असतात. किटमध्येही इंट्रिन्झिक फॅक्टरच असतो. रक्तातली प्रतिपिंडे त्यालाही अडवतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. लक्षणे बोलकी असतील तर आकड्यावर अडून बसू नये, ते यासाठी.

नमुना इंजेक्शनच्या आधी द्यावा. इंजेक्शननंतर टोटल कित्येक आठवडे वर राहतो आणि त्यावरून काही ठरत नाही. वडिलांचे उपचार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत, पण मुंग्या असताना ते लांबवू नका.

प्रश्न: ‘होलोट्रान्सकोबालामिन’ म्हणजे पोकळ ट्रान्सकोबालामिन का? (वाचक, अमरावती)

नेमके उलट. देवनागरीत लिहिल्यावर तो इंग्रजीतल्या पोकळ अर्थाच्या ‘हॉलो’सारखा दिसतो खरा, पण हा ग्रीक ‘होलोस’, अर्थ संपूर्ण. वर सांगितलेला ‘स’चा ‘ह’ इथेही आहे: होलोस आणि संस्कृत ‘सर्व’ एकाच मुळाचे. बी-१२ घेऊन बसलेले ते होलो, रिकामे ते अपो. ‘अपो’ म्हणजे आपला ‘अप’ उपसर्ग: दूर, वेगळे. ॲक्टिव्ह बी-१२ ची चाचणी होलो मोजते.

प्रश्न: केसांसाठी बायोटिन घेते. कच्च्या अंड्याने बायोटिन कमी होते म्हणतात, ते का? आणि रक्ततपासणीआधी गोळ्या बंद करायला का सांगितले? (वाचक, पुणे)

दोन्हींचे उत्तर एकाच प्रथिनात आहे. अंड्याच्या पांढऱ्यात ‘ॲव्हिडिन’ असते. बायोटिनसाठी ‘ॲव्हिड’, म्हणजे हावरट, म्हणून हे नाव. १९४०च्या सुमारास टेक्सासमध्ये स्नेल, ईकिन आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. एक ॲव्हिडिन चार बायोटिन पकडते आणि ही पकड जीवरसायनातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी आहे. आतड्यातही ती सुटत नाही. अंडे नीट शिजवले की ॲव्हिडिनची घडी मोडते आणि प्रश्न मिटतो. अधूनमधून अर्धकच्चे अंडे खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोज अनेक कच्ची पांढरी महिनोन्महिने घेणाऱ्यांना त्रास होतो.

याच पकडीचा फायदा लॅबचे किट घेतात. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंतला ॲव्हिडिनचा भाऊ ‘स्ट्रेप्टॅव्हिडिन’ किटमध्ये बसवलेला असतो. रक्तात ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचे बायोटिन तरंगत असेल तर ते तिथल्या जागा अडवते. बी-१२ सारख्या स्पर्धात्मक पद्धतीच्या चाचणीत आकडा खोटा वाढतो, टीएसएचसारख्या सँडविच पद्धतीत खोटा घटतो. सगळ्या कंपन्यांची किट अशी नसतात, पण आपल्या लॅबचे कोणते ते आपल्याला माहीत नसते. म्हणून मोठ्या डोसचे बायोटिन नमुन्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवावे आणि गोळी चालू आहे हे फॉर्मवर लिहावे.

प्रश्न: आयसीयूत आईच्या रिपोर्टवर ‘प्रीअल्ब्युमिन’ होते. ते पुढे अल्ब्युमिन होते का? नेटवर त्याला ‘ट्रान्सथायरेटिन’ म्हटले आहे. (वाचक, नाशिक)

होत नाही. विद्युतप्रवाहात पळवल्यावर त्याचा पट्टा अल्ब्युमिनच्या पुढे उमटतो, एवढाच त्या ‘प्री’चा अर्थ. ‘आर’सारखीच गत. अल्ब्युमिनचे खरे पूर्वरूप ‘प्रोअल्ब्युमिन’, आणि ते वेगळे.

१९८१ मध्ये कामावरून नवे नाव ठरले: ट्रान्सपोर्टमधला ट्रान्स, थायरॉक्सिनमधला थायर आणि रेटिनॉलमधला रेटिन. रेटिनॉल म्हणजे जीवनसत्त्व अ. ट्रान्सथायरेटिन ते थेट उचलत नाही. रेटिनॉल असतो एका छोट्या प्रथिनाच्या, रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीनच्या खोबणीत. त्याचे वजन जेमतेम २१ हजार डाल्टन (रेणूचे वजन मोजायचे एकक), एकटे फिरले तर मूत्रपिंडातून गळून जाईल. ५५ हजारांच्या ट्रान्सथायरेटिनला चिकटल्यामुळे ते रक्तात टिकते.

‘थायर’मध्ये आपल्या ओळखीचे कोणी आहे. थायरॉइड म्हणजे ढालीच्या आकाराचे. ग्रीक ‘थिरेओस’ ही दारासारखी लांबट ढाल, आणि ती ‘थिरा’वरून, म्हणजे दारावरून. थिरा, संस्कृत द्वार आणि मराठी दार एकाच मुळाचे. ‘ट्रान्स’ही परका नाही, त्याचे नाते ‘तिरस्’शी लागते.

रिपोर्टबद्दल: हे प्रथिन दोनेक दिवसांत निम्मे होते, म्हणून आहाराचा अंदाज घ्यायला ते वापरत आले आहेत. पण जंतुसंसर्गात किंवा शस्त्रक्रियेनंतर यकृत त्याचे उत्पादन आपणहून घटवते. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला असताना प्रीअल्ब्युमिन कमी आले, तर ते आईच्या खाण्यापेक्षा आजाराबद्दल जास्त सांगते. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे आहेत का ते पाहून डॉक्टरांशी बोला.